कर्ण्यातली बाई

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक लोखंडी खांब होता आणि खांबावर कर्णा. लग्न होऊन मी कारखान्याच्या कॉलनीत आले, तेव्हा नवऱ्याच्या आधी माझी ओळख त्या कर्ण्याशी झाली. भल्या सकाळी तो खरखरायचा, मग भजन लावायचा, मग पाळीची वेळ सांगायचा, आणि संध्याकाळी पुण्याच्या बातम्या ऐकवायचा. कॅन्टीनला लागून एक खोली होती. तिथून तारा निघून खांबाखांबावरून कॉलनीभर फिरत. त्या खोलीला सगळे रेडिओ स्टेशन म्हणायचे. खरं तर तिथून तारांवाटेच आवाज जायचा, हवेतून काही जात नव्हतं. पण पिंपरी-चिंचवडच्या त्या माळावर तेव्हा जे काही नवं होतं, त्याला आम्ही मोठंच नाव द्यायचो.

आमचे हे त्या स्टेशनचे ऑपरेटर होते. बटणं फिरवायची, तबकड्या लावायच्या, साहेबांनी पाठवलेल्या सूचना वाचायच्या, एवढं काम. काम सोपं होतं, पण त्यातली बोलणी वाईट होती. कारण कर्णे फाटायचे. कामगार-कल्याणाचे जे साहेब होते, ते मायक्रोफोनला बहिरा माणूस समजून बोलायचे. त्यांनी स्वच्छतेवर भाषण केलं की दुसऱ्या दिवशी दोन-तीन कर्ण्यांचे पडदे गेलेले असत. मग ते कर्णे घोगऱ्या म्हाताऱ्यासारखे फुरफुरत बसायचे, आणि साहेब यांनाच झाडायचे. भाषण ज्यांनी केलं त्यांना कोण बोलणार?

माझं सांगायचं तर मी तळेगावची. वडील स्टेशनसमोरच्या छोट्या दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. मला भाऊ नव्हता, म्हणून कथलाचा डाग कसा द्यायचा, व्हॉल्व्ह काढताना त्याच्या मानेला हात कसा लावायचा नाही, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. मी मॅट्रिक झाले आणि ते शिकवणं तिथंच थांबलं. स्थळ आलं ते रेडिओतल्या माणसाचं आलं म्हणून वडील हरखले. पोरीला तिच्या विषयातलं घर मिळालं, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. घर मिळालं हे खरं.

दोन खोल्या, मागे पडवी, पुढे चार पायऱ्या. नव्या क्वार्टरचं सगळ्यांना केवढं कौतुक! घरात नळ, घरात मोरी, घरात दिवा. सासूबाई चाकणकडच्या गावातल्या. उभा जन्म विहिरीवरून पाणी वाहिलेलं, त्यामुळे त्यांना नळ म्हणजे साक्षात देव. मला मात्र त्या नळाचा राग यायचा. गावात सून निदान पाण्याला जाते, विहिरीवर घटकाभर उभी राहते, चार बायकांशी हसते. आमच्याकडे पाणीच घरात चालत आलं, मग मी बाहेर कशाला जायचं? धान्य हे आणायचे, भाजी दारावर यायची, देऊळ अजून बांधायचं होतं. सासूबाईंची बाज पुढच्या दारातच टाकलेली. त्या काही पहारा करत नव्हत्या, त्यांना तिथं वारा लागायचा. पण बाज ओलांडल्याशिवाय पायरीवर जाता येत नसे, आणि सासूची बाज ओलांडणारी सून तेव्हा जन्माला यायची होती. तळेगावकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी रोज ऐकू यायची. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून ती संपेपर्यंत ऐकायची, आणि पोळी करपली म्हणून बोलणी खायची.

एके दिवशी हे एक खोकं घेऊन आले. त्यात लिमिटरचं किट होतं. सुटे व्हॉल्व्ह, कंडेन्सर, दोन ट्रान्सफॉर्मर, भोकं पाडलेली पत्र्याची चॅसी आणि इंग्रजीत छापलेला नकाशा. कारखान्याने परदेशातून मागवलं होतं. तयार यंत्र महाग, म्हणून सुटं मागवलेलं. माणसाचा आवाज मर्यादेपलीकडे चढू लागला की ही पेटी त्याच आवाजाचा थोडा अंश मागे वळवते आणि त्यानेच त्याला आवरते, म्हणजे कर्ण्याकडे कधीच जास्त जोर जात नाही, ओरडलेलंही साध्या बोलण्याएवढंच ऐकू येतं. यांनी साहेबांसमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं, "मी घरी बसून जोडतो साहेब." घरी बसून यांनी तीन ठिकाणी बोट भाजून घेतलं आणि एक रेझिस्टन्स उलटसुलट वाकवून मोडला.

"इकडे द्या," मी म्हटलं.

यांनी दिलं. मला यांच्याबद्दल हे एक नेहमी चांगलं वाटत आलं आहे, की हातातलं सोडायला यांना कमीपणा वाटत नसे. पण मी ते फुकटात कशी करीन? मी विचारलं, "मला काय मिळेल?"

हे गोंधळले. मग त्यांनीच सांगितलं, की साहेबांच्या मनात मंगळवारी दुपारी बायकांसाठी पाव तास सुरू करायचा आहे. बाळाची निगा, लोणची, देवी टोचणं, असं काहीतरी वाचायचं. दवाखान्यातल्या नर्सबाईंना एकदा बसवून पाहिलं होतं, पण त्यांचा आवाज चढला आणि चौकातला कर्णा गेला. साहेबांनी निकाल दिला, बायकांचा आवाज कर्ण्याला सोसत नाही. "लिमिटर बसला की ती अडचण उरत नाही," हे म्हणाले. "मग मी तुझं नाव घालतो. मॅट्रिक आहेस, वाचतेस चांगलं. आईला मी सांगेन, साहेबांचा हुकूम आहे म्हणून."

आठवड्यातून एकदा चार पायऱ्या उतरायच्या, मैदान ओलांडून कॅन्टीनपर्यंत जायचं, एका खोलीत बसून मोठ्याने बोलायचं आणि परत यायचं. आज कुणाला हसू येईल. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पण जोडायचं कधी? दिवस उजाडला की चूल, भांडी, धुणं, निवडणं, पुन्हा चूल. हात रिकामा असा सापडायचाच नाही. सापडला तो ज्या दिवसांत मला कशाला हात लावायची बंदी होती त्या दिवसांत. तेव्हा महिन्याची अडचण आली की बाईने बाजूला बसायचं. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला नाही, पापड-लोणच्याला नाही, देवाला तर नाहीच. मागच्या पडवीत एक घोंगडी, एक तांब्या आणि मी. सासूबाई धुसफुसत स्वयंपाक करायच्या आणि वरून ताट सरकवायच्या. न शिवायच्या वस्तूंची त्यांची यादी लांबलचक होती. तिच्यात लिमिटर नव्हता.

मी पडवीत पाट मांडला. शेगडीत कोळसे, कोळशात तांब्याच्या टोकाची सळई, डबीत राळ, कथलाची तार. नकाशा भिंतीला टेकवलेला. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत कुणी हाक मारत नसे. राळेचा धूर नाकात गेला की मी तळेगावच्या दुकानात असायची. जन्मात कधी मी महिन्याच्या त्या दिवसांची वाट पाहिली नव्हती, आता पाहू लागले. दिवस संपले की न्हाऊन पुन्हा चुलीपुढे, आणि पेटी सुपाखाली झाकलेली. शेजारणी यायच्या, सुपाकडे बघायच्या. सासूबाई सांगायच्या, "लेकाचं काम हाय सरकारी. हात लावू नगा."

त्यांना सगळं दिसत होतं. पडवीचं दार उघडंच असायचं. त्या उंबऱ्यात बसून बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "पोरी, ते लाल-पिवळं पट्टं कशाला गं?" मी सांगितलं, की पट्ट्यांच्या रंगांवरून कोणता तुकडा किती अडवतो ते कळतं. त्या म्हणाल्या, "आडवायलाबी रंग लावत्यात व्हय?" आणि उठून गेल्या. मला वाटलं, टोमणा मारला.

पेटी दोन-तीन अडचणींत मिळून पुरी झाली. शेवटचा डाग दिला तेव्हा मी तिच्यावरून हात फिरवला. यांनी ती दुसऱ्या दिवशी सायकलला बांधून नेली, आणि तासाभरात तोंड पाडून परत आणली. बटण दाबताच फट् झालं होतं, धूर निघाला होता, आणि तोही साहेबांच्या समोर. "काय जोडलंस तू?" म्हणून हे माझ्यावर आले. यांचा आवाज मी पहिल्यांदा एवढा चढलेला ऐकला.

मी पेटी उलटी केली. जिथं तारांची टोकं एकत्र येत होती तिथं पिवळट डाग पडले होते, वाळून पांढरे खडे धरलेले. मी वाकून वास घेतला. गोमूत्र! मी जाऊन सासूबाईंपुढे उभी राहिले. त्या जराही बिचकल्या नाहीत.

"शिंपडलं म्यां," त्या म्हणाल्या. "तू कोंच्या दिसांत बनीवलंस ते ठावं हाय न्हवं? सकाळचं देवाचं भजन त्येच्यातनं जानार. समद्या घरांत जानार. इटाळ न्हाई का हुनार?"

"आत्याबाई, जळालं ते सगळं!"

"मग काय, तसंच जाऊ देऊ?"

आता आठवून हसू येतं. तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. सासूबाईंच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी कॉलनीचा धर्म वाचवला होता, आणि मला त्यांनी एका शब्दाने अडवलं नव्हतं. अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडून घेतलं. नळाचा तेवढा एक उपयोग मला सापडला होता.

जळालेला कंडेन्सर पिंपरीच्या कॅम्पात एका निर्वासित दुकानदाराकडे मिळाला. ट्रान्सफॉर्मर उन्हात वाळवून वाचला. डाग खरवडून सगळे सांधे पुन्हा करायचे होते, त्याला पुढची अडचण यावी लागली. या खेपेला पेटी पुरी झाल्यावर मीच सासूबाईंना म्हटलं, "शुद्ध करायचं तर तुळशीपत्र वरनं फिरवा, कोरडं." त्यांनी तसं केलं. वर पत्र्याला हळदीकुंकूही लावलं.

चाचणी रविवारी दुपारी ठेवली. कॅन्टीन बंद, स्टेशन बंद. चाचणीला बोलणारं माणूस हवं आणि बाईचा आवाज हवा, म्हणून हे मला घेऊन निघाले. सासूबाईंनी आपणहून बाज जराशी सरकवली. मैदानात ऊन रणरणत होतं. मी मुद्दाम सावकाश चालत होते. हे पुढे जाऊन थांबायचे आणि मागे वळून बघायचे.

स्टेशनच्या खोलीला गोणपाटाने चहूबाजूंनी मढवलं होतं. दार लावलं की बाहेरचं काहीही ऐकू येत नसे, खिडकीसुद्धा नव्हती. खरं तर आमच्या घरापेक्षा ती कोंदट. पण त्या दाराच्या आत मी एकटी होते, आणि मी बोललेलं यांच्याखेरीज कुणाच्या कानावर पडणार नव्हतं. हे म्हणाले, "मी कॅन्टीनवरच्या कर्ण्याखाली उभा राहतो. तेवढाच चालू ठेवतो. आधी हळू बोल, मग भांडल्यासारखं बोल, मग जेवढा आवाज निघेल तेवढा काढ. पडदा फाटतो का बघायचं." त्यांनी बटणं फिरवली, दार ओढलं आणि गेले.

समोर माझी पेटी. तिच्यावर काचेमागे एक काटा आणि लाल खूण. मी एक, दोन, तीन म्हटलं. काटा हलला. मी तळेगाव ते पुणे सगळी स्टेशनं म्हटली. काटा खुणेपर्यंत चढला. मी आवाज वाढवला, काटा तिथंच. भांडल्यासारखं बोल म्हणाले होते. कुणाशी भांडू? तोंडात आलं ते मी बोलले. "या घरात माझा जीव गुदमरतो. नळ घरात, मोरी घरात, दिवा घरात आणि मी घरात. मला कुणी बाहेर सोडत नाही. मला बाहेर यायचंय. कुणी ऐकतंय का तिकडे? मला बाहेर काढा!" शेवटी शेवटी मी ओरडत होते. माझ्या गळ्याच्या शिरा तटतटल्या, माझेच कान बंद झाले. आणि काटा त्या लाल खुणेवर, जागचा हलत नव्हता. इतकं चांगलं जोडलं होतं मी.

दार उघडलं. हे घामाघूम उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर चालतंय. एकदाही फाटला नाही." मग त्यांची नजर बटणांकडे गेली आणि चेहरा उतरला. रोज सकाळी कॉलनीभरच्या कर्ण्यांच्या सगळ्या लायनी एकदम सुरू करायची हाताला सवय. त्यांनी सवयीने सगळ्याच सुरू केल्या होत्या.

परतीचं मैदान कसं ओलांडलं ते मला आठवत नाही. पायऱ्यांवर, दारांत बायका बसल्या होत्या, नेहमीसारख्या निवडत, विणत. कुणी मान वर करून पाहिलं नाही. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसल्या होत्या, कर्ण्याच्या अगदी समोर.

"बस गं," त्या म्हणाल्या. "आत्ता पुन्याचं नाटक लागलं हुतं कर्न्यात. येक बाई बोलत हुती. घरात जीव गुदमरतो म्हनत हुती. पर किती शांत बोलत हुती बाई. आरडली न्हाई, काय न्हाई."

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी मला ओळखलंच नव्हतं, आणि ओळखणार तरी कशा? त्या घरात माझा मोठा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब यांच्यावर खूश होते. आवाज कसा एकसारखा, कुठे कमी नाही, जास्त नाही. कोण बाई होती, असं त्यांनी विचारलं. हे मला संध्याकाळी सांगत होते आणि मी कणीक मळत होते. "मग? नाव सांगितलंत माझं?"

"पुण्याचं नाटक होतं म्हणालो. तारेवर घेतलं होतं म्हणालो."

मी कणीक तशीच टाकून उठले. "का?"

"काय सांगू मग? माझी बायको होती, आणि ते सगळं म्हणत होती म्हणून?"

"आणि मंगळवारचा पाव तास?"

हे म्हणाले, "तू बोललीस की साहेब आवाज ओळखतील. सगळी कॉलनी ओळखेल. आता कसं जमेल?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची कीव आली नाही. ती यायला फार वर्षं जावी लागली. मी म्हटलं, "तुम्ही तर पेटीवाचून आवरलंत मला." मग कणीक वाळेल म्हणून पुन्हा मळायला बसले.

मंगळवारचा पाव तास सुरू झाला. साहेबांच्या बायकोने वाचायला घेतला. बाई वाईट नव्हत्या. अडखळत वाचायच्या, मध्येच खोकायच्या, एकदा तर खो खो हसल्या. पण एकही कर्णा फाटला नाही. माझ्या खिडकीसमोर, माझ्याच पेटीतून गाळून येणारा त्यांचा आवाज मी वर्षभर ऐकला. त्या लिंबाचं लोणचं सांगायच्या आणि मी चुलीपुढे बसून ऐकायची. माझी जागा तीच होती, फक्त आता खांबावरची बाई दुसरी होती.

असाच एक मंगळवार. सासूबाई आपली बाज सोडून माझ्याजवळ चुलीशी येऊन बसल्या होत्या, लसूण सोलत. कर्ण्यातून मेथीचे लाडू चालले होते. त्या वैतागून म्हणाल्या, "हिच्यापरीस ती बरी हुती. त्या दिसाची. ती का येत न्हाई गं पुन्यांदा?"

मी भाकरी उलटली. "तिला घरातून सोडत नसतील, आत्याबाई."

त्यांनी लसणाची पाकळी तशीच बोटांत धरली. खिडकीतून खांबाकडे बघत राहिल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मलाबी न्हाई सोडलं."